नव्या मॅमला काढलं, पण विचारलं कुणी?
(चौथी 'ब'च्या मराठी पालकांना खुले पत्र)

चौथी 'ब'च्या सगळ्या मराठी आई-बाबांना, आजी-आजोबांना, आणि पोहोचलंच तर आपल्या मोठ्या मॅडमना (मुख्याध्यापिकांना),

सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्गाचा मोठा ग्रुप गुजराती-हिंदीत चालतो आणि आपला चौदा जणांचा छोटा ग्रुप मराठीत. मोठ्यावर आपण जपून लिहितो, छोट्यावर मनातलं ओकतो. डिसेंबरात जे झालं ते या छोट्या ग्रुपवर सुरू झालं, आणि सुरू मी केलं. म्हणून हे पत्रही मराठीत आणि सगळ्यांसमोर. गुजरातीत उतरवून मोठ्या मॅडमना वेगळं देणारच आहे. शाळेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नव्या मॅमचंही नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते मला माहीतसुद्धा नव्हतं.

आधी काय झालं ते एकदा नीट सांगते, कारण आपल्यात त्याच्या आता चार-पाच आवृत्त्या फिरताहेत.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आपल्या वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. ही रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली आहे, म्हणजे जवळजवळ सगळं दुसरं सत्र दुसरं कुणीतरी शिकवणार हे उघड होतं. शाळेकडून निरोप आला तो एका ओळीचा: 'क्लास टीचर रजेवर असल्याने पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे.' व्यवस्था! जणू पाण्याचा टँकर मागवलाय. बाईंचं नाव नाही, शिकलेल्या किती ते नाही, कोणते विषय घेणार ते नाही. पोरं 'नवी मॅम' म्हणायला लागली, मग आपणही.

त्या बुधवारी लेक व्हॅनमधून उतरली तेव्हा स्वेटर कमरेला बांधलेला होता. बडोद्याची थंडी दुपारी एक वाजता उरतेच कितीशी, पोरं स्वेटर कमरेलाच बांधतात, त्यामुळे माझ्या काही लक्षात आलं नाही. पण बाह्यांना दोन गाठी मारल्या होत्या, घट्ट, आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती बाथरूममध्ये शिरली. नळ बराच वेळ चालू राहिला. दार वाजवलं तर आतून आवाज आला, 'आई, मी स्कर्ट धुतेय.' रुमाल धू म्हटलं तर तोंड वाकडं करणारी नऊ वर्षांची मुलगी. दार उघडलं तेव्हा बादलीत स्कर्ट होता, त्यावर अर्धा डबा निरमा ओतलेला, आणि ही टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात उभी.

आता मी काय केलं ते ऐका. मी विचारलं, 'नव्या मॅमनं जाऊ दिलं नाही ना?' तिनं मान हलवली. 'ओरडली ना तुझ्यावर?' मान हलली. 'मुद्दाम केलं ना तिनं?' पुन्हा हलली. तीन प्रश्न, तीन होकार, आणि तिन्ही वाक्यं माझी. पोरीनं स्वतःचं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. तिचे शब्द मी चार दिवसांनी ऐकले, तोवर मॅम गेल्या होत्या.

रात्री पावणेदहाला मी छोट्या ग्रुपवर लिहिलं: 'नव्या मॅमने माझ्या मुलीला दोन तास वॉशरूमला सोडलं नाही. आज माझी, उद्या तुमची.' दोन तास म्हणजे शाळेचे शेवटचे दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. कुणीतरी ते मोठ्या ग्रुपवर गुजरातीत टाकलं आणि त्याचे झाले 'बे कलाक'. दोन घंटे! मी ते वाचलं, दुरुस्त केलं नाही. त्या रात्री मला ते दोन घंटेच हवे होते, हे आज लिहायला हात जड होतोय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कुणी तिच्या डीपीचा फोटो शोधून आणला. कुणी म्हणालं, ओळखीचा पत्रकार आहे, सांगू का. एकानं विचारलं, 'आडनाव काय हो तिचं?' आणि तो प्रश्न कशासाठी होता ते आपल्याला सगळ्यांना कळलं, तरी कुणी 'त्याचा काय संबंध' असं म्हटलं नाही. मीही नाही. गुरुवारी सकाळी दहा-बारा पालक गेटवर. शुक्रवारी मोठ्या मॅडमचा निरोप: 'सदर शिक्षिका आता शाळेत येणार नाहीत. पालकांनी निश्चिंत राहावे.' आपण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. विषय संपला.

उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आदल्या आठवड्यात आपल्याच वर्गातल्या एका मुलाचं तेच झालं. तोवर दुसऱ्या नव्या मॅम आल्या होत्या, म्हणजे नव्यातल्या नव्या. त्या मुलाच्या बाबांनी (त्यांना विचारून लिहितेय) ग्रुपवर काही टाकलं नाही. ते शाळा सुटायच्या वेळी ऑफिसात गेले आणि एकच प्रश्न विचारला: 'शेवटच्या दोन तासांत मुलांना वॉशरूमला जायचं असलं तर पद्धत काय आहे?'

उत्तर असं मिळालं. चौथीच्या मजल्यावरचं मुलामुलींचं वॉशरूम ऑक्टोबरपासून दुरुस्तीला बंद. मुलांनी खाली जायचं. पण एकट्या मुलाला जिन्यावरून खाली सोडायचं नाही, मासीनं, म्हणजे शाळेतल्या आयाबाईनं, सोबत जायचं, असा शाळेचा नियम. नियम चांगलाच आहे, आपणच मागच्या वर्षी वाली मीटिंगमध्ये (म्हणजे पालकसभेत) तो मागून घेतला होता. आणि त्या मजल्याच्या मासी? त्यांची वेळ रिसेसपर्यंतच केलेली. म्हणजे शेवटच्या दोन तासांत पोराला सोडलं तर नियम मोडतो, न सोडलं तर स्कर्ट ओला होतो. बाईंनी स्वतः घेऊन जायचं म्हटलं तर मागे बेचाळीस पोरांचा वर्ग उघडा.

आपल्या जुन्या मॅमनी याच्यावर तोड काढली होती. रिसेस संपायच्या आधी पाच मिनिटं त्या सगळ्यांना रांगेत खाली नेऊन आणायच्या, आणि तरीही कुणाला लागलीच तर शेजारच्या वर्गातल्या मॅमना हाक मारून दोन्ही वर्गांच्या मधल्या दारात उभं करायच्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. रजेवर जाताना त्यांनी कुणाला सांगितलं असेलही, पण पर्यायी व्यवस्थेच्या कानापर्यंत ते पोहोचलं नाही. तिला कोऑर्डिनेटरनं सांगितलं होतं एवढंच: 'एकट्या मुलाला खाली सोडायचं नाही.'

म्हणजे नव्या मॅमचं काही चुकलंच नाही असं म्हणायचंय का? नाही. लेकीनं चार दिवसांनी, झोपताना, मी काही न विचारता सांगितलं ते असं: 'मॅम थांब म्हणाल्या, मग परत थांब म्हणाल्या. मग ते झालं. मग मॅम म्हणाल्या, चौथीत आहेस की नर्सरीत? मग सगळे हसले.' थोडं थांबून म्हणाली, 'सगळ्यात आधी मॅम हसल्या.'

लेकीच्या मनात रुतलं आहे ते हे. थांबायला लागलं ते ती विसरेल. वर्ग हसला ते विसरणार नाही. आणि याचा जाब मला त्या बाईंना विचारायचा होता. कदाचित त्या गांगरल्या असतील, बेचाळीस पोरांसमोर तोंडाला आलं ते बोलल्या असतील, नंतर वाईटही वाटलं असेल. कदाचित त्यांची सवयच तशी असेल. मला ठाऊक नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही, कारण आपण विचारलं नाही. आपण म्हटलं, काढा. शाळेनं काढलं. शाळेला यापेक्षा स्वस्त काय असणार? वॉशरूम दुरुस्त करायला पैसे लागतात, मासीची वेळ वाढवायला पगार लागतो. हंगामी बाईला 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला एक फोन पुरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. बदली शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर जरूर करा, वेळेवर करा, पण तिच्यात 'काढून टाका' हे मागू नका. चौकशी मागा आणि उत्तर लेखी मागा. काढून टाकल्यानं दोन्हीकडून नुकसानच होतं. बाईंची चूक नसेल तर त्यांची भाकरी गेली. चूक असेल, समजा हात उचलण्याची सवय असेल, तर कागदावर काहीच नसल्यामुळे त्या पुढच्या आठवड्यात वाघोडिया रोडच्या नाहीतर मांजलपूरच्या दुसऱ्या शाळेत कोऱ्या पाटीनं उभ्या राहतील, आणि तिथल्या पोरांच्या आयांना आपण काय कळवलेलं असेल?

माझी आई ऐंशीच्या दशकात कॉर्पोरेशनच्या मराठी शाळांमधून रजेच्या जागांवर शिकवायची. कधी रावपुऱ्यात, कधी वाडीत, जिथे बाई आजारी तिथे ही. ती म्हणते, बदलीवर गेलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'आमच्या बाई कधी येणार?' म्हणजे तुम्ही कधी जाणार. हजेरीपत्रक कपाटात, कपाटाची किल्ली जुन्या बाईंच्या पर्समध्ये, कोणतं पोर चश्म्याशिवाय फळा वाचू शकत नाही, कुणाला फीट येते, कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, हे सगळं जुन्या बाईंच्या डोक्यात. गुजरातेत सरकारी शाळांत तासांवर पगार मिळणाऱ्यांना 'प्रवासी शिक्षक' म्हणायचे. बघा शब्द! पोटापाण्यासाठी शिकवायला आलेल्या माणसाचं नाव प्रवासी. २०२३ पासून 'ज्ञान सहायक' आले, तेही ११ महिन्यांच्या करारावर. खासगी शाळेत तर नाव ठेवायचीही तसदी कुणी घेत नाही. आईला मी सगळा प्रकार मोठ्या तावातावानं सांगितला तेव्हा तिनं भाजी निवडताना मान वर न करता विचारलं, 'बाईला विचारलंस का?' मला त्या क्षणी तिचा रागच आला होता.

आणखी एक टोचणारी गोष्ट, आपल्या आपल्यात. मागच्या वर्षी ज्या सरांचा हात चालतो म्हणून आपली पोरं घरी येऊन सांगायची, त्यांच्याबद्दल आपल्या ग्रुपवर एक ओळ तरी आली का? नाही आली. कारण ते सर कायमचे. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी पोर त्यांच्याच हातात. 'तक्रार केली तर पोराला डूख धरतील' ही भीती खोटी नाही, मलाही होती. नव्या मॅमची भीती नव्हती. ती चार महिन्यांत जाणारच होती, म्हणून आपल्याला एवढा कंठ फुटला. बडोद्याच्या माणसाला शाळा काही नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोर शाळेत घातलं नाही तर पालकाला दंड. शाळेसमोर हात जोडून उभं राहायचं ही आपली चार पिढ्यांची सवय. तीच सवय एका रात्रीत उलटी होते आणि आपण गेट हलवायला जातो. शांतपणे खुर्चीवर बसून प्रश्न विचारायची सवय मात्र लागायची राहिली.

तर कसं विचारायचं? मी चुकून शिकले ते सांगते.

सगळ्यात आधी पोराचं ऐकायचं, आणि आपली वाक्यं त्याच्या तोंडात घालायची नाहीत. 'मारलं का?' असं विचारलं की आईला काय हवंय ते पोराला कळतं. 'मग काय झालं?', 'मग?' एवढ्यावर थांबायचं. तो बोलेल ते त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, तारीख, वार, कितवा तास. मग बाबांसमोर, आजीसमोर, मावशीच्या फोनवर तेच पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. दर वेळी गोष्ट थोडी वाढते, आणि पोरालाही मग खरं कोणतं ते आठवत नाही.

दुसरं म्हणजे गोष्ट केवढी आहे ते बघायचं. पोर्शन मागे आहे, गृहपाठ तपासलेला नाही, स्पेलिंग चुकीचं शिकवलं, आवाज चढतो, ही सगळी डायरीतली कामं. डायरीत थेट बाईंनाच लिहायचं, त्यांच्या नावानं, 'नवी मॅम' असं नाही. नव्या माणसाला पंधरा दिवस द्यायला हवेत. सुनेला आपण देतो की नाही? (नाही देत, ते जाऊ द्या.)

मारणं, वर्गासमोर लाज काढणं, कोंडून ठेवणं, मुलाचं नाव सोडून भलत्याच नावानं हाक मारणं, हे डायरीत मावत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ साफ सांगतं की कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही. हे कलम खासगी शाळेलाही लागू आहे, आणि त्यात कायमचे शिक्षक वेगळे, हंगामी वेगळे असं काही नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत टोमणे मारून, हिणवून मुलाचा मान कमी करणं हेही मानसिक छळात धरलं आहे. म्हणजे 'चौथीत आहेस की नर्सरीत' हे त्यात येतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमच्या नावानं लेखी अर्ज. मी त्या रात्री ग्रुपवर जे लिहिलं त्याऐवजी हे लिहायला हवं होतं:

'बुधवारी शेवटच्या दोन तासांत माझ्या मुलीला वॉशरूमला जायचं होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा थांबायला सांगण्यात आलं. पुढे जे झालं त्यावर शिक्षिका वर्गासमोर अमुक बोलल्या. मी हे पाहिलेलं नाही, मुलीनं सांगितलं ते लिहीत आहे. कृपया दोघींचं वेगवेगळं ऐकून घ्यावं, त्या वेळचं वर्गाबाहेरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, आणि काय आढळलं व काय ठरलं ते मला दहा दिवसांत लेखी कळवावं.'

सात-आठ ओळी. कुठेही 'काढा' नाही, कुठेही 'आम्ही सोडणार नाही' नाही. 'पाहिलेलं नाही' हे वाक्य लिहिलं की अर्ज कमजोर होतो असं वाटतं, पण मला तरी आता उलट वाटतं. ऑफिसात जो वाचतो त्याला कळतं की ही बाई खरं तेवढंच लिहितेय. चित्रणाचं लगेच लिहायचं, कारण ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि आपण गेटवर आरडाओरडा करण्यात आठवडा घालवला की मग बघायला काही उरत नाही. अर्जाच्या दोन प्रती, एक त्यांना, एकीवर ऑफिसच्या खिडकीतून इन्वर्ड नंबर आणि शिक्का मारून घ्यायचा. क्लार्कभाई 'ठेवून जा, चालेल ने' म्हणतात, तर चालत नाही म्हणायचं, हसून.

अर्ज जमलं तर दोन-चार पालकांनी मिळून करावा, पण प्रत्येकानं आपापल्या पोराचं वेगळं लिहून. 'वर्गातल्या सर्व मुलांना त्रास होतो' या वाक्यावर कुणी चौकशी करू शकत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत यासाठी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यासारख्या स्वनिर्भर (विनाअनुदानित) शाळेला तिची सक्ती नाही, म्हणून आपली वाली मीटिंग हीच काय ती जागा, आणि तिथे आपण गणवेशाच्या दुकानावरून भांडण्यात पाऊण तास घालवतो. शाळेनं उत्तर दिलंच नाही तर डीईओ (जिल्हा शिक्षणाधिकारी) ऑफिस आहे. त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत व्हायचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येणार: शाळेला लेखी कधी दिलं होतं? ग्रुपवरचे हात जोडलेले फोटो तिथे कुणी बघत नाही.

एका गोष्टीला मात्र यातलं काहीच लागू नाही. शिक्षक कायमचा असो, बदलीचा असो, व्हॅनवाला असो, पोरानं जर नको तिथे हात लावल्याचं, काही दाखवल्याचं, 'घरी सांगू नकोस' म्हटल्याचं सांगितलं, तर डायरी नाही, वाली मीटिंग नाही, आधी मोठ्या मॅडमना विचारू हेही नाही. १०९८ वर फोन किंवा सरळ पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कलम १९ प्रमाणे असं काही कळलं तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवरही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचं असं कृत्य दडपून ठेवेल तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि आपण भल्या हेतूनं कळवलं, पुढे ते तसं नसल्याचं निघालं, तर आपल्यावर काही येत नाही. पोराचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, गणवेश न घालता. पण हेही ऐकून ठेवा: अशा मुलाचं नाव, फोटो, घर, शाळा, ओळख पटेल असं काहीही जाहीर करणं हा गुन्हा आहे. आपल्या ग्रुपवर बातम्या ज्या वेगानं पुढे जातात ते बघता हे वाक्य फ्रीजवर चिकटवून ठेवायला हवं.

आता मोठ्या मॅडम, थोडं तुमच्याशी.

तुम्ही शुक्रवारी आम्हाला निश्चिंत राहायला सांगितलंत, आणि आम्ही राहिलोही. तुम्ही आमचं ऐकलंत असं तेव्हा वाटलं. आज वाटतं की तुम्ही आमचं ऐकायला नको होतं, निदान एवढ्या लवकर. तुम्ही आम्हाला बसवून विचारायला हवं होतं की दोन तास म्हणजे किती, मुलगी स्वतः काय म्हणते, आणि त्या मजल्यावर मासी का नव्हत्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेच होतं. बदलीवर कुणी येणार असेल तर आम्हाला नाव कळवा, कोणते विषय, किती महिने, आणि तक्रार असली तर कुणाकडे यायचं. येणाऱ्या माणसाच्या हातात एक पान द्या: कोणतं पोर कुठे बसतं, कुणाला औषध लागतं, वॉशरूमची तोड काय. जुन्या मॅमना फोन करून हे पान लिहून घ्यायला अर्धा तास लागला असता. आणि मासींची वेळ शाळा सुटेपर्यंत करा. वॉशरूम दुरुस्त होईल तेव्हा होईल. हे सगळं गुजरातीत लिहून देतेय, सोबत तेरा पालकांच्या सह्या आहेत. चौदावे आडनाव विचारणारे. ते म्हणाले, विषय संपलाय.

येत्या शनिवारी साडेआठला वाली मीटिंग आहे. ज्यांना यायचंय त्यांनी सव्वाआठला गेटपाशी भेटा. गणवेशाचा विषय शेवटी घेऊ.

राहिली एक गोष्ट. नव्या मॅमना माझ्याकडून एक पत्र द्यायचं होतं. त्यात माफी आहे, 'दोन तास' दुरुस्त न केल्याची, आणि एक प्रश्न आहे, त्या हसण्याबद्दल. शाळा फोन नंबर देत नाही, बरोबरच आहे. नाव कळलं ते लेकीच्या पर्यावरणाच्या वहीतून. त्या बुधवारच्या दोन दिवस आधी वही तपासलेली, झाडाच्या भागांच्या चित्राखाली लाल पेनानं चांदणी, 'छान मुळं!' आणि पूर्ण सही, नाव-आडनावासकट. बहुतेक शिक्षक नुसती आद्याक्षरं करतात. वर्गातल्या बेचाळीस वह्यांत ती सही असेल, आपल्यातल्या कुणी बघितली नव्हती.

पाकिटावर ते नाव घालून सोमवारी ऑफिसच्या खिडकीत दिलं. क्लार्कभाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, 'या नावाचं इथे कुणी नाही.' मी म्हटलं, होतं, तीन आठवडे. त्यांनी पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून घेतलं. इन्वर्ड नंबर मात्र दिला नाही.

आपली,
चौथी 'ब'मधल्या एका मुलीची आई
दांडिया बाजार, बडोदे